गिअरबॉक्स कुठल्या सालाचा?

एप्रिलमध्ये हापूस भरात आला की रत्नागिरीतल्या पिकअपना उसंत नसते. पावस, गणेशगुळे, मालगुंड, राजापूर या बाजूंच्या बागांतून पेट्या उचलायच्या आणि रात्रीत मुंबई-गोवा महामार्गाने वाशीचा बाजार गाठायचा, नाहीतर साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूर. मिरकरवाड्याच्या मासळीची धावपळ आणखी वेगळी. नेमक्या याच दिवसांत एखाद्या गाडीचा तिसरा गिअर निसटायला लागतो, मग आवाज सुरू होतो आणि एक दिवस गिअरबॉक्स जातो. कंपनीचा नवा मागवायचा तर पैसे लागतात आणि दिवसही जातात, आणि हंगाम कुणासाठी थांबत नाही. म्हणून फोन फिरतात. कोल्हापूरला, पनवेलला, कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे. 'बोलेरो पिकअपचा बॉक्स आहे का?' समोरून हमखास प्रश्न येतो, 'गाडी कुठल्या सालाची?'

प्रश्न बरोबर आहे, पण त्याच्या उत्तरावर फार विसंबू नये. साल हा धागा आहे, पुरावा नाही. एकाच सालच्या दोन गाड्यांत वेगळे गिअरबॉक्स निघतात आणि पाच वर्षांच्या अंतराने निघालेल्या दोन गाड्यांत तोच सापडतो. कारण कारखान्यात बदल १ जानेवारी पाहून होत नाहीत. इंजिन बदललं, पुरवठादार बदलला, प्रदूषणाचा नियम आला की बदल होतो. देशभर बीएस-४ लागू झालं १ एप्रिल २०१७ रोजी आणि बीएस-६ लागू झालं १ एप्रिल २०२० रोजी. म्हणजे आरसीवर २०२० असं छापलेली गाडी फेब्रुवारीत बनलेली बीएस-४ असू शकते किंवा ऑगस्टमधली बीएस-६. साल एकच, पण वायरिंग निराळं आणि सेन्सरही निराळे. तेव्हा सालाच्या आधी महिना विचारावा, आणि महिन्याच्याही आधी गिअरबॉक्सच्या अंगावरचा नंबर. तो कधी ओतीव कवचावर ठोकलेला असतो, कधी रिव्हेट मारलेल्या पट्टीवर असतो. चिखल आणि ग्रीसचा थर खरवडून तो वाचायला दहा मिनिटं लागतात. हीच दहा मिनिटं बहुतेक वेळा वाचवली जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बोलेरो हे नावच घ्या. २००० साली ती आली तेव्हा तिच्यात प्यूजोच्या वंशातलं अडीच लिटरचं डिझेल इंजिन होतं. नंतर डायरेक्ट इंजेक्शनची इंजिनं आली, त्यानंतर कॉमन रेल आलं. २०१६मध्ये पॅसेंजर बोलेरोला 'पॉवर प्लस' नावाखाली दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन मिळालं, कारण चार मीटरच्या आतल्या आणि दीड लिटरपर्यंतच्या डिझेल गाडीला कर कमी पडत होता. माल वाहणाऱ्या पिकअपला मात्र अडीच लिटरचं चार सिलिंडरचं इंजिनच राहिलं. आता 'बोलेरोचा बॉक्स, २०१७चा' एवढंच फोनवर बोलून टेम्पोत टाकून आणलेला माल कुठल्या बोलेरोचा आहे? दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या आणि एकाच सालच्या. तरीही एकीचं बेल हाउसिंग दुसरीच्या इंजिनाला लागेलच असं मुळीच नाही.

गिअरबॉक्स जुळतो की नाही हे ज्या ठिकाणी ठरतं, त्यातलं पहिलं म्हणजे इंजिनाकडचं तोंड. बेल हाउसिंगच्या बोल्टची भोकं जुळली की काम झालं असं वाटतं, पण खरी परीक्षा आतल्या टॉप शाफ्टची असते. त्याच्यावरच्या खाचा क्लचप्लेटच्या मधल्या भागात सरकतात आणि त्याचं पुढचं टोक फ्लायव्हीलच्या मधल्या छोट्या पायलट बेअरिंगमध्ये टेकतं. खाचांची संख्या वेगळी निघाली तर उपाय आहे. आपल्या फ्लायव्हीलच्या मापाची पण आणलेल्या शाफ्टच्या खाचांची क्लचप्लेट मिळते, निदान शोधता येते. शाफ्टची लांबी वेगळी निघाली तर मात्र काम अवघड होतं. शाफ्ट लांब असला तर तो क्रँकला आतून रेटतो आणि शेवटी गिअरबॉक्सचं किंवा इंजिनाचं बेअरिंग खातो. आखूड असला तर टोक पायलट बेअरिंगमध्ये पुरतं जात नाही आणि शाफ्ट डगमगत फिरतो. गॅरेजमधून निघताना दोन्ही गाड्या व्यवस्थित चालतात. बिघाड उघडा पडतो तो काही हजार किलोमीटरनंतर, आणि तोपर्यंत दोष कुणाचा हे कुणालाच आठवत नाही.

जुन्या जीपांच्या काळापासून महाराष्ट्रातल्या मिस्त्रींना ही गोष्ट ठाऊक आहे. महिंद्रांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस विलिसच्या जीप जोडायला सुरुवात केली. त्या घराण्यातला तीन गिअरचा 'टी-९०' बॉक्स कित्येक वर्षं खेडोपाडी चालला. पुढे १९७९ साली प्यूजोकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला गेला आणि त्याच्या जोडीला प्यूजोचाच 'बीए-१०' गिअरबॉक्स आला. पेट्रोल जीपला डिझेल इंजिन बसवून घेणाऱ्यांसाठी खरादवाले दोन तोंडांच्या मधली अ‍ॅडॅप्टर प्लेट कातून देत. त्यातल्या चांगल्या कारागिराची ओळख अशी की तो प्लेटच्या जाडीइतका शाफ्ट मागे गेला, हे आधीच हिशोबात धरी. आणि दुसरं म्हणजे डॉवेल पिनना तो हात लावत नसे. इंजिनाचा मध्य आणि शाफ्टचा मध्य एका रेषेत ठेवण्याचं काम बोल्टचं नसतं, या दोन पिनांचं असतं. बॉक्स नीट सरकत नाही म्हणून पिना काढून बोल्टने ओढून घेणं हा त्या बॉक्सचा मृत्युलेखच आहे.

मागचं तोंड त्यामानाने प्रामाणिक असतं, कारण तिथली चूक लगेच डोळ्याला दिसते. बॉक्स लांब असेल तर प्रोपेलर शाफ्ट बसत नाही आणि आखूड असेल तर लटकतो. मधल्या क्रॉस मेंबरवर फाउंडेशन रबर कुठे येतं, सेंटर बेअरिंग आहे की नाही, क्रॉसचे कोन किती पडतात, एवढं पाहावं लागतं. फोर बाय फोर गाडीचा बॉक्स फोर बाय टूमध्ये चालवायचा मोह टाळावा. ट्रान्सफर केस काढला म्हणजे झालं असं नसतं, मेन शाफ्टची शेपटीच वेगळी असते.

सगळ्यात कमी पाहिलं जातं आणि सगळ्यात जास्त महाग पडतं ते आतलं गणित, म्हणजे गिअरचं गुणोत्तर. बॉक्स बसतो, गिअर पडतात, आवाज नाही, मालक खूश होतो. पण पहिल्या गिअरचे दाते किती आणि मागच्या क्राउन पिनियनशी त्यांची जोडी कशी, हे कुणी विचारलेलंच नसतं.

समजा इंजिन २०० न्यूटन मीटर टॉर्क देतंय. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ४ आणि क्राउनचं ४, म्हणजे चाकांपर्यंत तो सोळापट होऊन ३२०० न्यूटन मीटर पोचतो. आता भंगारातून आणलेल्या बॉक्सचा पहिला गिअर ३.५चा निघाला. क्राउन तोच. गुणाकार होतो १४ आणि चाकाला मिळतात २८००. म्हणजे ओढीचा आठवा हिस्सा कमी झाला. सपाटीवर, माळनाक्यापासून हातखंब्यापर्यंत, हे जाणवणारही नाही. पण साखरप्याच्या पुढे आंबा घाटाच्या वळणावर, दीड टन माल घेऊन, पुढच्या ट्रकमुळे थांबून पुन्हा उचलायची वेळ आली की तोच आठवा हिस्सा हवा असतो. गाडी उचलत नाही म्हणून ड्रायव्हर क्लच अर्धा दाबून इंजिन वर नेतो. क्लचप्लेट तापते, जळका वास येतो, प्लेट दोन महिन्यांत बदलावी लागते आणि बोल लागतो तो प्लेटच्या कंपनीला. एकच पिकअप १.३ टन, १.५ टन, १.७ टन अशा वेगवेगळ्या वहनक्षमतेत विकली जाते, त्यामुळे बॉक्स आणि क्राउन ही जोडी म्हणूनच विचारात घ्यायला हवी.

चढणीपेक्षाही मला काळजी वाटते उताराची. घाट उतरताना भरलेली गाडी गिअरवर धरायची असते, ब्रेकवर नाही. गुणोत्तर कमी झालं की इंजिनाची ही धरही तेवढीच कमी होते. कोल्हापूरहून भाजी भरून आंबा घाट उतरणारा किंवा कराडहून कुंभार्ली उतरून चिपळूणला येणारा ड्रायव्हर वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याच वळणाला तोच गिअर टाकतो. गाडी मात्र आता पूर्वीइतकी अडत नाही. मग पाय ब्रेकवर जास्त वेळ राहतो, ड्रम तापतात, आणि तापलेला ब्रेक कधी दगा देईल याचा नेम नसतो. गिअरबॉक्स बदलून दिलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला 'आता दुसऱ्याच गिअरवर उतर' एवढं सांगणं हे मिस्त्रीचं कर्तव्य आहे. ज्यांनी बदल केला त्यांनाच ते माहीत असतं.

गुणोत्तर तपासायला यंत्र लागत नाही. बॉक्स जमिनीवर असताना दोन्ही टोकांना खडूने खूण करा, पहिला गिअर टाका, टॉप शाफ्ट हाताने बरोबर दहा वेळा फिरवा आणि मागचं टोक किती फिरलं ते मोजा. अडीच फेरे झाले तर गुणोत्तर ४. तीनला थोडे कमी झाले तर ३.५च्या आसपास. असेच पुढचे गिअर. आपल्या जुन्या बॉक्सचे आकडेही याच पद्धतीने काढून शेजारी लिहा, म्हणजे दुकानदाराच्या शब्दावर विसंबायला नको.

राहिली तारांची बाजू. जुन्या गाडीत स्पीडोमीटरची केबल बॉक्समधल्या छोट्या गिअरला लागलेली असायची, नव्यात तिथे सेन्सर असतो. वेगाचा संकेत पूर्वी फक्त काटा हलवायचा. आता तो इंजिनाच्या कंट्रोल युनिटला जातो आणि मालवाहू गाडीतल्या वेगमर्यादकालाही लागतो. रिव्हर्सच्या दिव्याचा स्विच, न्यूट्रलचा स्विच, क्लच केबलचा की तेलाचा, या गोष्टी छोट्या आहेत. वेळेत लक्षात आल्या तर जुन्या बॉक्सवरून काढून नव्यावर लावता येतात.

हे सगळं झालं हाताने गिअर टाकायच्या गाड्यांचं. रत्नागिरीत आता इसुझूची व्ही-क्रॉस आणि टोयोटाची हायलक्स अशा मोठ्या पिकअपही दिसतात आणि त्यांच्यातल्या काही ऑटोमॅटिक आहेत. व्ही-क्रॉसला २०१९मध्ये १.९ लिटर इंजिनासोबत सहा गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स मिळाला, तर हायलक्स २०२२मध्ये २.८ लिटर इंजिन घेऊन आली. इथे 'बसतो का' या प्रश्नाचं वजन आणखी वाढतं, कारण ऑटोमॅटिकमध्ये निर्णय घेणारा भाग बॉक्सच्या बाहेर, कंट्रोल युनिटमध्ये बसलेला असतो आणि आतले व्हॉल्व्ह त्याच्या हुकमाने तेलाचा दाब सोडतात.

हायलक्सचं उदाहरण बोलकं आहे. तेच २.८चं इंजिन भारतात फॉर्च्युनरमध्ये आहे आणि काही वर्षं इनोव्हा क्रिस्टाच्या ऑटोमॅटिकमध्येही होतं. तेव्हा अपघातात सापडलेल्या क्रिस्टाचा बॉक्स हायलक्सला चालेल असं सहज मनात येतं. पण क्रिस्टाला फक्त मागची चाकं ओढतात आणि इथली हायलक्स फोर बाय फोर आहे. बॉक्सची शेपटीच जुळत नाही. मग फोर बाय फोर फॉर्च्युनर? तो जवळचा नातेवाईक खरा, पण त्याचंही साल पाहायला हवं. २०१६च्या ऑटोमॅटिक फॉर्च्युनरमध्ये हे इंजिन ४५० न्यूटन मीटर टॉर्क द्यायचं, २०२१च्या सुधारित गाडीत ते ५०० देऊ लागलं आणि ऑटोमॅटिक हायलक्सलाही ५००च मिळतात. टॉर्क वाढला की टॉर्क कन्व्हर्टर, आतल्या क्लचच्या चकत्या आणि दाबाचं गणित तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

त्यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. टोयोटाच्या अनेक ऑटोमॅटिक बॉक्सवर एक लेबल असतं आणि त्याच्यावर आकड्यांचा एक कोड असतो. त्या विशिष्ट बॉक्समधले सोलेनॉइड नेमके कसे उघडतात-मिटतात याची ती नोंद असते. बॉक्स बदलला की हा कोड स्कॅनरने गाडीच्या कंट्रोल युनिटमध्ये भरावा लागतो आणि मग गिअर बदलण्याची सवय गाडीला नव्याने शिकवावी लागते. लेबल फाटलेला, घासून गेलेला बॉक्स स्वस्तात मिळतो तो उगाच नाही. तेलाचंही तसंच. टोयोटाच्या 'डब्ल्यूएस' तेलाच्या जागी जुनं 'टी-४' ओतून चालत नाही, दोन्हींचा रंग लाल असला तरी.

आणि बसवताना एक नियम कधीच मोडू नये. टॉर्क कन्व्हर्टर आधी बॉक्सच्या पंपात पूर्ण आत बसवायचा. बॉक्स इंजिनाला टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि त्याच्या व फ्लेक्सप्लेटच्या मध्ये थोडी फट राहिली पाहिजे. फट नसेल आणि तरीही बोल्ट आवळत नेले तर पंप फुटतो. इंजिन एकदाही सुरू न होता बॉक्स मेलेला असतो.

बॉक्स जुळवण्याच्या या विद्येचं खरं माहेर अमेरिका. तिथे पिकअप घरोघरी आहेत आणि बहुतेक ऑटोमॅटिक. कुठला भाग कुठल्या गाडीला चालतो याचे 'हॉलँडर'चे अदलाबदलीचे जाडजूड कोश तिथले भंगारवाले १९३०च्या दशकापासून वापरत आले आहेत. तरीही तिथला एक बॉक्स लोकांना आजही फसवतो. जनरल मोटर्सने १९८२ साली '७००आर४' नावाचा चार गिअरचा ऑटोमॅटिक आणला. १९९०मध्ये त्याचं नाव '४एल६०' झालं, पण आतून तो तसाच होता. १९९३मध्ये 'ई' हे एकच अक्षर जोडून '४एल६०ई' आला आणि त्या एका अक्षराने सगळं बदललं, कारण आता गिअर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पडू लागले. मग १९९६च्या सुमाराला बेल हाउसिंग कवचापासून सुटं झालं. त्यानंतर नव्या इंजिनांसाठी टॉप शाफ्ट आणि कन्व्हर्टर बदलले. १९९४चा आणि १९९९चा '४एल६०ई' नावाने एकच आहेत, पण एक काढून दुसऱ्याच्या जागी लावायला गेलात तर इंजिनापासून तारांपर्यंत सगळीकडे अडाल. आपल्याकडे अशी माहिती कंपनीच्या पार्ट कॅटलॉगमध्ये आणि अनुभवी मिस्त्रीच्या डोक्यात विखुरलेली आहे. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात काम करणाऱ्या जुन्या मिस्त्रीने एक वही घातली आणि कुठल्या नंबरचा बॉक्स कुठे चालला, कुठे नाही हे लिहून ठेवलं, तर पुढच्या पिढीचे किती हंगाम वाचतील!

आपल्या भागात एक प्रश्न अमेरिकेतल्या कोशात सापडणार नाही, तो म्हणजे हा बॉक्स पाण्यात होता का? २०१९च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली बुडाली. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं. रस्त्यावरच्या, दारातल्या, गॅरेजमधल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्यांचं विम्याचं प्रकरण मिटलं की त्यांचे भाग सुटे होऊन बाजारात फिरतात. गिअरबॉक्सला वर एक लहान श्वासनळी असते. चालून तापलेला बॉक्स पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि या नळीतून पाणी आत ओढलं जातं. हाताच्या गिअरबॉक्समध्ये त्यामुळे तेल दुधाळ होतं, बेअरिंगला गंज धरतो, पण उघडून साफ करून तो वाचू शकतो. ऑटोमॅटिकमध्ये आतल्या चकत्यांवर कागदासारखं अस्तर चिकटवलेलं असतं. पाणी शिरलं की ते फुगतं, डिंक सुटतो आणि अस्तराचे तुकडे व्हॉल्व्हच्या बारीक वाटा बंद करतात. असा बॉक्स कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, असं मी ठामपणे म्हणेन. मासळीच्या गाड्यांचा बॉक्स घेताना आणखी सावध राहावं. बर्फाचं खारट पाणी हौद्यातून वर्षानुवर्षं खाली गळत असतं, आणि अॅल्युमिनियमच्या कवचावर पांढरी भुकटी धरलेली दिसली की बोल्टची भोकं आतून खाल्ली गेली आहेत असं समजावं.

कागदांबद्दल थोडंसं. आरसीवर चासी क्रमांक असतो, इंजिन क्रमांक असतो, गिअरबॉक्सचा नसतो. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम गाडीत मूळ नोंदीशी विसंगत फेरबदल करायला मनाई करतं आणि इंजिन बदलायचं तर आरटीओची मंजुरी लागते. त्याच प्रकारचा गिअरबॉक्स बदलणं ही दुरुस्ती आहे. पण हाताचा काढून ऑटोमॅटिक बसवायचा बेत असेल तर आधी आरटीओत विचारूनच पुढे जावं. आणि ज्या गाडीतून बॉक्स काढला तिचा क्रमांक लिहिलेली पावती घ्यावीच. चोरीच्या गाड्या अशाच सुट्या होऊन विकल्या जातात.

बॉक्स चढवल्यावर रिकाम्या गाडीने स्टँडपर्यंत फेरी मारून हिशोब मिटवू नये. अर्धा माल भरून निवळीच्या घाटात न्यावी, चढताना प्रत्येक गिअर दाबून पाहावा, उतरताना पाय काढून गिअर निसटतो का ते पाहावं, परत आल्यावर कवचाला हात लावून बेअरिंगच्या जागी जास्त गरम लागतं का ते बघावं. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर तेल काढावं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी पीठ दिसलं तर ते नेहमीचंच आहे. चकाकणारे कण किंवा दात्याचा तुकडा दिसला तर पेट्या भरायच्या आधी बॉक्स पुन्हा उतरवावा.